शाळेच्या लॅबमध्ये ॲस्पिरिन : बारावीच्या मुलांना करू द्यावं का?

रसायनी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मी डिचोली तालुक्यातल्या एका हायर सेकंडरीत रसायनशास्त्र शिकवते. यंदा चतुर्थीची सुट्टी संपली की बारावीच्या मुलांकडून ॲस्पिरिन करून घ्यायचं मनात आहे. प्रॅक्टिकलच्या यादीत ते नाही. यादीत ॲसिटानिलाइड आहे, डायबेंझलॲसिटोन आहे, ॲनिलिन यलो आहे. मुलं ते करतात, जर्नलमध्ये समीकरण उतरवतात आणि परीक्षा झाली की विसरतात. ॲसिटानिलाइड नावाची वस्तू त्यांच्यापैकी कुणी घरात पाहिलेलीच नसते. ॲस्पिरिन मात्र आजोबांच्या औषधांच्या डबीत असतं. पूर्वी एनसीईआरटीच्या बारावीच्या पुस्तकात वेदनाशामकांची माहिती देणारा धडा तरी होता, आता तोही वगळला.

कृती अवघड नाही. कोरड्या फ्लास्कमध्ये २ ग्रॅम सॅलिसिलिक ॲसिड, त्यावर ५ मिली ॲसिटिक ॲनहायड्राइड, तीव्र सल्फ्युरिक ॲसिडचे चार-पाच थेंब. ७० ते ८० अंशांच्या पाण्यात १०-१५ मिनिटं ठेवायचं, निवू द्यायचं, थोडं थोडं पाणी घालून उरलेलं ॲनहायड्राइड मोडायचं, बर्फात ठेवायचं आणि स्फटिक गाळायचे.

पण प्रयोग इथेच थांबवला तर तो करण्यात अर्थ नाही, असं माझं ठाम मत आहे. पांढरी पूड हाती आली म्हणजे औषध झालं असं मुलांना वाटतं. ती पूड काय आहे आणि किती शुद्ध आहे, हे त्यांनीच तपासून ठरवलं पाहिजे. माझ्या मते खरा धडा तिथे आहे.

तर विचारायचं असं, की ॲनहायड्राइड शाळेला मिळतं का, ते मुलांच्या हाती द्यावं का, आणि तुमच्यापैकी कुणी हे शाळेत केलं किंवा करवून घेतलं असेल तर सविस्तर लिहा.

पेडणेकार

चांगली कल्पना, बाई. रिझल्टच्या दिवशी पालकांना तिथल्या तिथे वाटता येईल.

औषधवाला

म्हापशात फार्मसी चालवतो, म्हणून आधी कायद्याचं सांगतो. ॲसिटिक ॲनहायड्राइड आपल्याकडे नियंत्रित पदार्थ आहे. अफूतल्या मॉर्फिनपासून हेरॉइन करायला ते लागतं, म्हणून १९९३ पासून ते अमली पदार्थ कायद्याखालच्या आदेशात आहे. २०१३ मध्ये तो आदेश नव्याने निघाला. विकणारा आणि घेणारा, दोघांनाही हिशेब ठेवावा लागतो. शिक्षकाने स्वतःच्या नावावर घेऊन स्कूटरच्या डिकीत टाकून आणण्याची ही वस्तू नव्हे. संस्थेच्या लेटरहेडवर प्राचार्यांच्या सहीने, नेहमीच्या अधिकृत पुरवठादाराकडूनच मागवा आणि काय कागद लागतात ते त्यालाच आधी विचारा. मिळेल तो लहानात लहान पॅक घ्या. कुलपाचं कपाट आणि स्टॉक रजिस्टर हवंच. किती मिली, कुठल्या तारखेला, कुठल्या वर्गाला दिलं, ते त्याच दिवशी लिहून ठेवायचं.

लॅबवाला

औषधवाल्यांशी सहमत. पण बाई, आधी तुमचंच कपाट उघडून बघा. ॲसिटानिलाइड बहुतेक ठिकाणी ॲनहायड्राइड वापरूनच करतात, तेव्हा बाटली असणारच. ती केव्हा उघडली होती ते मात्र पाहा. आपल्या पावसाळी हवेत बूच सैल राहिलं की ॲनहायड्राइड हवेतलं पाणी ओढून घेतं आणि हळूहळू नुसतं ॲसिटिक ॲसिड होतं. मग कितीही तापवा, हाती सॅलिसिलिक ॲसिडच परत येतं आणि मुलं म्हणतात, सरांनी कृती चुकीची दिली.

लॅब अटेंडंट म्हणून आयुष्य गेलं, म्हणून दोन गोष्टी. फ्लास्क धुऊन उपडे ठेवले की आषाढ-श्रावणात ते वाळत नाहीत, आत दव धरून राहतात. आदल्या दिवशी ओव्हनमध्ये घालून ठेवा. दुसरं म्हणजे बर्फ. आमच्याकडे तो मासळी बाजारातून लादी फोडून यायचा. भांड्याच्या बाहेरून लावायला तो उत्तम. पण स्फटिक धुवायला तो वितळवून वापरू नका. त्यासाठी डिस्टिल्ड वॉटर वेगळं फ्रीजमध्ये ठेवा.

आणि स्फटिक पडत नाहीत म्हणून मुलं हिरमुसतात, तेव्हा काचेच्या कांडीने फ्लास्कची आतली बाजू पाण्याच्या रेषेखाली खरवडायला सांगा. कर्र कर्र असा आवाज येतो. आधी काहीच होत नाही. मग खरवडलेल्या जागी धुरकट रेघ उमटते, तिथून सुया फुटतात आणि बघता बघता सगळा फ्लास्क खोवलेल्या नारळासारखा पांढराशुभ्र भरून जातो. तेवढ्यासाठी मुलं टेबलाभोवती गर्दी करतात.

सासष्टीकर

मी पालक म्हणून लिहिते. माझी मुलगी अकरावीत आहे. वर जे वाचलं त्याने मला धडकीच भरली. तीव्र सल्फ्युरिक ॲसिड, पोलिसांच्या यादीतलं रसायन, आणि त्यातून खायचं औषध! आमच्या मुलीच्या शाळेत धूर ओढून घेणारं कपाट नाही, एक पंखा आहे तोही वाजतो. तीस मुलांवर एक शिक्षिका. कुणा शहाण्याने बनवलेली पूड मित्राला "डोकं दुखतंय ना, घे" म्हणून दिली तर जबाबदार कोण? व्हिडिओ दाखवून भागत नाही का?

बारावी_बॅच

काकी, व्हिडिओ आम्ही दीडपट वेगाने बघतो आणि शेवट बघतच नाही. :)
आमच्या शाळेत टायट्रेशन सोडलं तर आम्ही हाताने फार काही करत नाही. हे करायला मिळालं तर मी शनिवारीसुद्धा येईन.

वेर्णेकर_क्यूसी

वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका औषध कारखान्यात क्वालिटी कंट्रोलमध्ये आहे. सासष्टीकर ताईंची शंका रास्त आहे, म्हणून नीट उत्तर देतो.

शाळेत बनवलेलं कुणीही खायचं नाही. हा नियम पहिल्या मिनिटाला फळ्यावर लिहायचा. आमच्याकडे एक बॅच बाहेर पडण्याआधी तिची ओळख, शुद्धता, पाण्याचं प्रमाण, जड धातू, विरघळण्याचा वेग हे सगळं तपासलं जातं. शाळेतल्या पुडीत न बदललेलं सॅलिसिलिक ॲसिड असतं, ॲसिटिक ॲसिड असतं, सल्फ्युरिकचा अंश असू शकतो. सॅलिसिलिक ॲसिड पोटाला फार झोंबतं. मुळात त्यासाठीच तर त्याचं ॲस्पिरिन केलं गेलं.

पण यावरून प्रयोगच नको असं मी म्हणणार नाही. उलट "हे का खायचं नाही?" हा प्रश्न मुलांना तपासणीकडे नेतो, आणि धागाकर्तीचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं. मी मुलाखती घेतो तेव्हा बीएस्सी झालेली मुलं समीकरण धडाधड लिहितात. त्यांना "तुमचं उत्पादन शुद्ध आहे हे कशावरून?" असं विचारलं की गप्प होतात.

शाळेत तीन तपासण्या सहज होतात. पहिली, फेरिक क्लोराइड. चिमूटभर पूड थोड्या स्पिरिटमध्ये विरघळवून एक थेंब टाकायचा. सॅलिसिलिक ॲसिडला गडद जांभळा रंग येतो, कारण त्याचा फिनॉलचा ओएच गट मोकळा असतो. ॲस्पिरिनमध्ये ॲनहायड्राइडमधला ॲसिटिल नावाचा छोटा गट लागून तोच गट झाकलेला असतो, म्हणून शुद्ध ॲस्पिरिनचा थेंब पिवळटच राहतो. मुलांच्या पहिल्या खेपेच्या पुडीला हमखास फिकट जांभळी झाक येते. ती झाक म्हणजे अशुद्धता, डोळ्यांनी दिसणारी. पूड स्पिरिट आणि पाण्यातून पुन्हा स्फटिकीकरण करून तीच चाचणी घ्या. रंग किती उतरला ते शेजारी शेजारी ठेवून पाहायचं.

दुसरी, वितळणबिंदू. शुद्ध ॲस्पिरिन १३५ अंशांच्या सुमारास वितळतं, सॅलिसिलिक ॲसिड १५९ ला. मिश्रण असेल तर ते आधीच पसरट वितळायला लागतं.

तिसरी, वजन. २ ग्रॅम सॅलिसिलिक ॲसिडपासून जास्तीत जास्त २.६ ग्रॅम ॲस्पिरिन मिळू शकतं. २ ग्रॅमच्या आसपास मिळालं तर उत्तम. कुणी ३ ग्रॅम आणले तर त्याचं कौतुक करू नका, त्याची पूड ओली आहे. गोव्याच्या हवेत हे फार होतं. डेसिकेटरमध्ये, म्हणजे ओल शोषून घेणाऱ्या बंद भांड्यात, ठेवून दुसऱ्या दिवशी पुन्हा वजन करायला लावा.

रसायनी

वेर्णेकर, मला सांगायचं होतं ते तुम्ही माझ्यापेक्षा नेमकं सांगितलंत. देव बरें करूं.

सासष्टीकर ताई, तुमची भीती मी हसण्यावारी नेत नाही. सल्फ्युरिकऐवजी ८५ टक्के फॉस्फोरिक ॲसिड चालतं. ते त्या मानाने सौम्य, फक्त थोडा वेळ जास्त लागतो. ॲनहायड्राइड आणि ॲसिड मी किंवा आमचे अटेंडंट मोजून घालणार, मुलं नाहीत. चष्मे सगळ्यांना. आणि एका वेळी दहाच मुलं, बाकीची त्या दिवशी दुसरं प्रॅक्टिकल करतील.

जुना_मास्तर

फोंड्याहून लिहितोय. निवृत्त झालो, पण हा विषय सुटत नाही.

बाईंच्या एका वाक्याशी मी असहमत आहे. ॲसिटानिलाइड मुलांच्या ओळखीचं नाही, म्हणून ते निरस, असं त्यांनी म्हटलं. अहो, ॲसिटानिलाइड हेच एके काळचं वेदनाशामक आहे! १८८६ मध्ये स्ट्रासबुर्गमध्ये कान आणि हेप या दोन डॉक्टरांना रुग्णाला नॅफ्थलीन द्यायचं होतं. औषधाच्या दुकानातून चुकून ॲसिटानिलाइड आलं आणि रुग्णाचा ताप उतरला. "अँटिफेब्रिन" नावाने ते विकायला आलं. पुढे लोकांची कातडी, ओठ निळे पडायला लागले, कारण त्याने रक्तातलं हिमोग्लोबिन बिघडतं आणि ते प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही. १९४८ मध्ये अमेरिकेत ब्रोडी आणि ॲक्सेलरॉड यांनी दाखवून दिलं की शरीरात गेल्यावर ॲसिटानिलाइडचं बरंचसं पॅरासिटामॉलमध्ये रूपांतर होतं आणि दुखणं थांबतं ते त्या पॅरासिटामॉलमुळे. ॲसिटानिलाइडच्या बेंझिनच्या कड्यावर (रिंगवर) समोरच्या जागी एक ओएच लावा, झालं पॅरासिटामॉल. ताप आला की घरोघरी जी गोळी घेतात तीच.

म्हणजे बोर्डाच्या यादीत वेदनाशामकाची अख्खी कुळकथा बसलेली आहे. ती न सांगता नुसतं "ॲनिलिन घ्या, ॲनहायड्राइड घाला" असं सांगितलं तर मुलं कंटाळणारच. यादीबाहेरचं रसायन मागवण्याआधी यादीतलं नीट शिकवू या, एवढंच माझं म्हणणं.

रसायनी

मास्तर, ही गोष्ट मी वर्गात नक्की सांगणार. निळ्या ओठांचं तर मुलं जन्मात विसरणार नाहीत.

तरीही मी ॲस्पिरिनच्या बाजूने आहे आणि त्याचं कारण तुमच्याच उदाहरणात आहे. ॲसिटानिलाइडसाठी ॲनिलिन लागतं. ॲनिलिन कातडीतून अंगात शिरतं आणि रक्ताला तोच अपाय करतं. आपण तीस वर्षं मुलांच्या हाती ॲनिलिन देतो, ते यादीत आहे म्हणून कुणी हरकत घेत नाही. सॅलिसिलिक ॲसिड मात्र मुरुमांच्या मलमातही असतं, कुरूप घालवायच्या औषधातही असतं. दोन्हींत ॲनहायड्राइड तेच. मग जास्त धोक्याचं कुठलं?

जुना_मास्तर

हा मुद्दा मान्य. ॲनिलिनबद्दल तुमचं बरोबर आहे.

पेडणेकार

एक शंका आहे आणि ती खरंच विचारतोय. पुन्हा स्फटिकीकरण करायला स्पिरिट आणि पाणी लागतं म्हणता. फेणी म्हणजे स्पिरिट आणि पाणीच की. साधारण ४२ टक्के. आमच्याकडे त्याची टंचाई नाही.

वेर्णेकर_क्यूसी

पेडणेकार, तत्त्वतः बरोबर. ॲस्पिरिन अल्कोहोलमध्ये सहज विरघळतं, पाण्यात फारच थोडं, म्हणून आधी गरम स्पिरिटमध्ये विरघळवून मग पाणी घालतात. पण फेणीत काजूच्या बोंडाचा वास देणारे शेकडो पदार्थ असतात, फेणीची खासियतच ती. शुद्ध करायला निघालेल्या वस्तूत तेच मिसळायचे का? आणि शाळेत बाटली आणल्यावर प्राचार्य काय म्हणतील ते वेगळंच. अल्कोहोल पेटतं, तेव्हा उघड्या बर्नरवर नाही, गरम पाण्यावरच.

काजूबागायत

सत्तरीत आमची काजूची बाग आहे. काजूचा विषय निघाला म्हणून विचारतो. कुठेतरी वाचलं होतं की काजूच्या टरफलातल्या तेलात सॅलिसिलिक ॲसिडसारखं काहीतरी असतं. टरफलं तर आमच्याकडे ढिगाने. त्यातून ॲस्पिरिन होईल का?

वेर्णेकर_क्यूसी

फार सुंदर प्रश्न. टरफलाच्या तेलात ॲनाकार्डिक ॲसिड असतं आणि त्याचं डोकं हुबेहूब सॅलिसिलिक ॲसिडचं. पण त्याला १५ कार्बनची लांबलचक शेपटी चिकटलेली आहे. ती शेपटी सहजी तुटत नाही. उलट तेल तापवलं की डोक्यावरचा आम्लाचा गट कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातो आणि कार्डॅनॉल उरतं. ते रंगात, ब्रेकच्या अस्तरात वापरतात. तेव्हा ॲस्पिरिन नाही. आणि ते तेल हाताला लागलं की काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको.

काजूबागायत

फोड येतात, कातडी सोलते. बिब्याच्याच कुळातलं झाड ना ते. काजी भाजायच्या दिवसांत आमची आजी सगळ्यांच्या हातांना आधी खोबरेल चोपडायची.
माहितीबद्दल आभार. शेपटीचं आता कायम लक्षात राहील.

इतिहासवेडा

अवांतर करतो, संपादकांनी क्षमा करावी.

ॲस्पिरिन म्हटलं की फेलिक्स हॉफमनचं नाव येतं. १० ऑगस्ट १८९७ ला जर्मनीतल्या बायर कंपनीच्या प्रयोगशाळेत त्याने शुद्ध ॲसिटिलसॅलिसिलिक ॲसिड बनवलं, संधिवाताने त्रस्त वडिलांसाठी, अशी कथा. त्याआधी १८५३ मध्ये फ्रान्सच्या चार्ल्स गेरहार्टने ते अशुद्ध रूपात बनवलेलं होतं. आणि त्याहूनही आधी, १७६३ मध्ये, एडवर्ड स्टोन नावाच्या इंग्रज पाद्रीने विलो झाडाची साल (तिच्यात सॅलिसिलिक ॲसिडच्या जातीचं द्रव्य असतं) वाळवून, पूड करून हिवतापासारख्या तापाच्या रुग्णांना दिली आणि रॉयल सोसायटीला पत्र लिहून कळवलं. विलोच्या कुळातला वाळुंज आपल्या सह्याद्रीत ओढ्याकाठी असतो.

पण वडिलांच्या कथेमागे एक नाव दबलंय. आर्थर आयशेनग्र्यून. हॉफमनचा वरिष्ठ. नाझींच्या काळात ज्यू म्हणून त्याला तेरेझिएनश्टाटच्या छावणीत टाकलं. तिथून तो वाचला आणि १९४९ मध्ये त्याने लेख लिहिला, की हॉफमनने हे काम माझ्या सांगण्यावरून केलं. त्याच वर्षी तो वारला. कंपनी आजही श्रेय हॉफमनलाच देते.

हे वाचताना मला दर वेळी आपल्या पणजीच्या म्युनिसिपल गार्डनची आठवण होते. ती बाग ज्याच्या नावाने आहे तो गार्सिया द ओर्ता. त्याने १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या ग्रंथात इथल्या वनौषधींची, अफूची, आंब्याची, हिंगाची माहिती लिहिली. तोही ज्यू वंशाचा. मेल्यावर १५८० मध्ये पोर्तुगीजांच्या धर्मसमीक्षणाने (इन्क्विझिशनने) त्याची हाडं उकरून जाळली. औषधाचं ज्ञान ठेवून घ्यायचं आणि ते देणाऱ्याला पुसून टाकायचं, हे दोन्हीकडे घडलं.

बार्देशची_बाय

इतिहासवेडा, अंगावर काटा आला. त्या बागेत लहानपणापासून भेळ खात आले, नाव कुणाचं ते आज कळलं. यावर वेगळा धागा काढा ना.

नाडीपरीक्षा

डॉक्टर आहे, ग्रामीण भागात दवाखाना आहे. दोन गोष्टी लिहिल्याशिवाय राहवत नाही.

एक कळकळीची विनंती. बाई, प्रयोगाच्या दिवशी मुलांना हे आवर्जून सांगा. पावसाळ्यात आपल्याकडे डेंग्यू असतो. ताप डेंग्यूचा असेल आणि ॲस्पिरिन घेतलं तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. ताप कशाचा ते कळलेलं नसताना ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन यांच्या वाटेला जायचं नाही. पॅरासिटामॉल, तेही योग्य मात्रेत, आणि डॉक्टरकडे. फ्लू किंवा कांजिण्या झालेल्या लहान मुलांना ॲस्पिरिन देत नाहीत, कारण त्यातून रे सिंड्रोम नावाचा मेंदू-यकृताचा गंभीर आजार होऊ शकतो. आजोबांच्या डबीतली गोळी रक्त गोठू नये म्हणून दिलेली ७५ मिलिग्रॅमची असते, ती दुखण्यासाठी नसते. आणि "रसायनच आहे ते" म्हणून ती परस्पर बंदही करायची नाही.

दुसरी गोष्ट रसायनाच्या बाईंना आवडेल. जॉन वेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं की ॲस्पिरिन शरीरात ताप-वेदनेला कारण होणारी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार होऊ देत नाही. त्याबद्दल १९८२ चं नोबेल त्यांना दोघांबरोबर विभागून मिळालं. हे घडतं कसं? ॲस्पिरिन आपला ॲसिटिल गट ती द्रव्यं बनवणाऱ्या कॉक्स नावाच्या विकराला (एन्झाइमला) देऊन टाकतं. तुमची मुलं फ्लास्कमध्ये ॲनहायड्राइडकडून काढून सॅलिसिलिक ॲसिडला जो गट चिकटवतात, तोच गट रक्तात जाऊन विकराला चिकटतो आणि त्याचं तोंड बंद करतो, कायमचं. रक्त गोठवणाऱ्या बिंबिकांना (प्लेटलेट्सना) केंद्रक नसतं, त्यांना नवा विकर बनवता येत नाही. म्हणून ती बिंबिका जगेल तितके दिवस, म्हणजे आठ-दहा दिवस, तशीच निकामी राहते. ऑपरेशनच्या आधी आम्ही "ॲस्पिरिन चालू आहे का?" असं का विचारतो ते मुलांना यावरून समजेल.

रसायनी

डॉक्टर, हे मला माहीत नव्हतं असं नाही, पण फ्लास्कमधला गट आणि रक्तातला गट असा सरळ धागा मी वर्गात कधी जोडून दाखवला नव्हता. आता फळ्यावर दोन्ही समीकरणं एकाखाली एक लिहीन.

सासष्टीकर

डॉक्टरांचा प्रतिसाद आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पाठवू का? डेंग्यूचा भाग.

नाडीपरीक्षा

जरूर पाठवा.

बारावी_बॅच

ज्यांच्या शाळेत ॲनहायड्राइड मिळणारच नाही त्यांनी काय करायचं? आमच्याकडे मिळेल असं वाटत नाही.

लॅबवाला

त्यावर उपाय आहे, आणि माझ्या मते तो जास्तच चांगला आहे. प्रयोग उलटा करायचा. बाजारातली साधी ॲस्पिरिनची गोळी कुटून स्पिरिटमध्ये हलवा, गाळा. गोळीतला स्टार्च वर राहील, ॲस्पिरिन खाली येईल. थोडं पाणी घालून स्फटिक पाडा. मग त्यातलं थोडं सोडियम हायड्रॉक्साइडच्या पातळ द्रावणात तापवा, निवल्यावर आम्ल घाला. सॅलिसिलिक ॲसिड खाली बसतं. दोन्हींवर फेरिक क्लोराइडचा थेंब टाका. एक पिवळट, एक जांभळं. बिल्डिंग जोडून बघण्याऐवजी मोडून बघायची, शिकणं तेवढंच.

आणखी एक. विंटरग्रीनचं तेल, म्हणजे पाय मुरगळल्यावर चोळतात त्या मलमांना जो वास असतो ते मिथाइल सॅलिसिलेट. नीलगिरीत आणि ईशान्येकडे त्याचं झुडूप होतं. ते तेल सोडियम हायड्रॉक्साइडबरोबर उकळून आम्ल घातलं की पांढरंशुभ्र सॅलिसिलिक ॲसिड. मुलांना वास आधीच ओळखीचा असतो, आणि उकळता उकळता तो वास नाहीसा होतो तेव्हा ती दचकतात.

औषधवाला

लॅबवाले, झकास. यात माझीही भर घ्या. दुकानात मुदत संपलेल्या गोळ्या येतात. ॲस्पिरिनची पट्टी फाटून दमट हवेत पडली असेल तर उघडल्याबरोबर व्हिनेगरचा वास येतो. हवेतल्या पाण्याने ॲस्पिरिन मोडून परत सॅलिसिलिक आणि ॲसिटिक ॲसिड झालेलं असतं. माडाच्या सुरेचं व्हिनेगर घरोघरी असलेल्या आपल्या मुलांना तो वास ओळखायला शिकवावं लागत नाही. एक ताजी गोळी आणि एक उघडी पडून राहिलेली गोळी, दोन्हींवर फेरिक क्लोराइड टाकून बघा. मुदत का छापतात हे मुलांना तिथल्या तिथे दिसेल. फक्त त्या जुन्या गोळ्या मोजून द्या आणि मोजून परत घ्या.

सासष्टीकर

हा प्रयोग मला मनापासून आवडला. यात घाबरण्यासारखं काही नाही आणि घरातल्या औषधांच्या डब्याकडे बघायची नजर बदलेल. मुलीच्या शाळेत सुचवते. बाईंच्या मूळ प्रयोगालाही माझा आता विरोध नाही, दहा-दहाच्या गटात आणि चष्मे घालून असेल तर.

जुना_मास्तर

बाई, आता मूळ प्रश्नाला माझं उत्तर. करा. ॲसिटानिलाइडही करा आणि ॲस्पिरिनही करा, दोन्ही एकाच आठवड्यात. दोन्हींत तेच ॲनहायड्राइड, तोच ॲसिटिल गट, एकदा नायट्रोजनवर बसतो, एकदा ऑक्सिजनवर. दोन्हींची कुळकथा सांगा. मीही येईन बघायला, बोलावलंत तर.

रसायनी

मास्तर, बोलावणं आजच समजा.

सगळ्यांचे आभार. ठरलं ते असं. प्राचार्यांचं पत्र या आठवड्यात जाईल. ॲनहायड्राइड आलं तर दहा मुलांचा एक गट फॉस्फोरिक ॲसिड वापरून ॲस्पिरिन करेल, दुसरा गट गोळी मोडून सॅलिसिलिक ॲसिड काढेल, तिसरा ताज्या आणि खराब गोळ्या तपासेल. पुढच्या आठवड्यात गट बदलतील. ॲनहायड्राइड नाहीच आलं तर शेवटचे दोन प्रयोग तरी होतीलच. जर्नलमध्ये वजनाआधी फेरिक क्लोराइडचा रंग लिहायचा, आणि ज्याचा रंग जांभळा येईल त्याने तो का आला हे लिहिल्याशिवाय सही मिळणार नाही. पूड शेवटी मोजून माझ्याकडे जमा.

वेर्णेकर_क्यूसी

फेरिक क्लोराइडचं द्रावण ताजं करा, जुनं असेल तर तळाशी गंजासारखा गाळ बसतो आणि रंग नीट कळत नाही. एका नळीत नुसतं स्पिरिट आणि फेरिक क्लोराइड ठेवा, तुलनेसाठी. मुलं ही नळी नेहमी वगळतात.

लॅबवाला

आणि गाळून राहिलेलं आंबट पाणी तसंच सिंकमध्ये ओतू नका. मोठ्या बादलीत गोळा करा, खाण्याचा सोडा थोडा थोडा घाला, फसफस थांबेपर्यंत. फेस फार वर येतो, म्हणून बादली अर्धीच भरा. लिटमस लावून बघा आणि मग भरपूर पाण्याबरोबर सोडा.